कोपऱ्यावरचे हिंदुराव

हिंदुरावांचं बारामतीशी भांडण आहे ते फक्त एका कोपऱ्यापुरतं, असं त्यांची बायको कुशाबाई सांगायची. खोटं! त्यांचं भांडण सगळ्या गावाशीच होतं. गाव म्हटलेलं लोकांना आवडायचं नाही, सिटी म्हणा म्हणायचे, त्यावरूनसुद्धा होतं.

कारखान्यातली नोकरी संपवून, कळंबची जमीन चुलतभावाला वाट्यानं लावून ते इथं मुलाकडं राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा कॉलनीसमोर उभा ऊस होता. आता तिथं सात मजली इमारत, खाली जिम, आणि जिमच्या काचेमागं पोरं पट्ट्यावर पळतायत. पळून पोचत मात्र कुठंच नाहीत. "ह्येंला म्हणावं या माझ्या शेतावर, चार सऱ्या खुरपा. घाम फुकाट मिळंल," हिंदुराव म्हणायचे. दूध आणायला पूर्वी रस्ता ओलांडला की झालं. आता मधे दुभाजक आला, दुभाजकावर शोभेची झाडं आली, आणि समोर दिसणाऱ्या डेअरीला जायला अर्धा किलोमीटर वळसा. काल सरळ असलेला रस्ता आज एकेरी. विचारावं तरी कुणाला? ज्याला विचारावं तो कानात बोंडं घालून स्वतःशीच बोलत चाललेला.

पण जीव जळायचा तो कोपऱ्यावर. त्यांच्या कॉलनीची गल्ली जिथं कॅनॉलकडच्या मोठ्या रस्त्याला मिळते, तिथं उजव्या हाताला बांबूंचा एक सांगाडा कायमचा रोवलेला होता. त्यावर फ्लेक्स. कुणाचं पोरगं पोलीस भरतीत लागलं, फ्लेक्स. कुणाची बैलजोडी शर्यतीत पहिली आली, फ्लेक्स. मागल्या महिन्यात तर एका कुत्र्याचा वाढदिवस झाला. कुत्र्याच्या गळ्यात चेन, डोळ्यावर गॉगल, आणि खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस माणसांचे फोटो! आणि ह्या सगळ्यांच्या मागून, मोठ्या रस्त्यानं, मुरुमाचे डंपर सुसाट यायचे. गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला ते अंगावर आल्याशिवाय दिसायचे नाहीत.

आणि त्याच गल्लीतून रोज सकाळी सव्वासहाला छकुली सायकलवरून क्लासला निघायची. छकुली म्हणजे नात. यंदा दहावी. शाळा उघडायच्या आधीच हिचे क्लास सुरू, कारण इथं शाळेला कुणी विचारत नाही, क्लास कुठला ते विचारतात. तिचा बाप विजयसिंह पहाटेच कंपनीच्या बसनं जायचा. तिला रस्त्याला लावायचं काम हिंदुरावांचं. ते पुढं जाऊन फ्लेक्सच्या पलीकडं उभे राहायचे, रस्ता बघायचे, आणि हात हलवून म्हणायचे, "ये!"

एक दिवस छकुली म्हणाली, "आबा, तुम्ही उभे राहू नका ना. मैत्रिणी हसतात. ट्रॅफिक पोलीस म्हणतात तुम्हाला."

"म्हणू दे की."

"नको ना, आबा."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. मग हिंदुरावांनी ठरवलं, आपण नाही तर फ्लेक्स हटला पाहिजे. पण भांडायचं कुणाशी? प्रत्येक फ्लेक्स कुणाचा तरी असायचा. एकदा तावातावानं गेले ते कॉलनीतल्याच सोपान गुरुजींच्या दारात, तर फ्लेक्स गुरुजींच्या आईच्या श्रद्धांजलीचा निघाला. भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन, डोळे पुसून घरी आला. कुशाबाईनं विचारलं, "काढतायत का?" तर म्हणाले, "लई चांगली बाई व्हती गं."

शेवटी त्यांनी मुळालाच हात घातला. सांगाडा रोवणारा मंडळाचा अध्यक्ष दिग्विजय, मोबाइलचं दुकान चालवणारा. त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, हिंदुरावांनी त्याची बिनपाण्यानं केली.

"आरं, तुमची तोंडं बघून पोट भरतं का लोकांचं? माझी नात जाती तितनं! डंपर दिसत न्हाय तिला! उद्या काय झालं तर त्याचाबी फ्लेक्स लावशील?"

दिग्विजय उठला, पाया पडला. "आबा, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. आजच काढतो."

आणि काढला की! तीन दिवस कोपरा मोकळा. सांगाड्याच्या बांबूंतून पार पुलापर्यंत रस्ता दिसायचा. छकुली एकटी जायला लागली. हिंदुराव ओट्यावर बसूनच चहा प्यायला लागले, आणि या गावात सांगितलं तर ऐकतात, असं चक्क दोघातिघांना बोलले.

मग उजाडला एक जून.

ज्या वयाच्या माणसांची जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिली, त्या सगळ्यांचा वाढदिवस एक जून. हिंदुरावांचा खरा जन्म श्रावणातला, पण आधार कार्डावर एक जून. दूध आणायला ते कोपऱ्यावर आले आणि जागीच थांबले. सांगाड्यावर दहा फुटी हिंदुराव उभे होते. डोक्याला गुलाबी फेटा, जो त्यांनी जन्मात बांधला नव्हता. दात पांढरेशुभ्र. वर लिहिलेलं, 'कॉलनीचे आधारस्तंभ, आमचे मार्गदर्शक, आदरणीय हिंदुराव आबा'. खाली दिग्विजय हात जोडून.

"ह्याच्या तर..." हिंदुरावांच्या तोंडात शिवी आली. त्यांनी दोरीला हातसुद्धा घातला. मग इकडंतिकडं बघितलं. कोणी नव्हतं. दोन पावलं मागं येऊन त्यांनी फोटो परत नीट बघितला. फेटा शोभत होता, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात फोन वाजला. कळंबहून चुलतभाऊ गेणबा. हाच गेणबा, जो अकरा वर्षांपूर्वी म्हणाला होता, "शहरात तुला कुत्रं विचारणार न्हाय."

"हिंदुराव, फोटू आला की मोबाइलवर! आधारस्तंभ? आरं, लई मोठा झालास की!"

"छ्या, पोरांचा येडेपणा," हिंदुराव म्हणाले. आवाज मात्र आपोआप वर चढला.

"मी अन् तुझी वहिनी परवा येतो बघायला. एसटीनं. राहील न्हवं तोवर?"

"राहील की. न राहायला काय झालं?"

दिवसभर फोन. डाळजहून मेव्हणा, इंदापूरहून भाचा. जिममधली पोरंसुद्धा खाली उतरून पाया पडून गेली. संध्याकाळी कुशाबाईनं शिरा केला आणि हळूच विचारलं, "अहो, त्यो कोपऱ्यावरचा...?"

"परवा काढू. गेणबा येऊन जाऊ दे."

"पण पोरगी..."

"दोन दिसांनी काय व्हतंय? मी उभा राहतो की सकाळी."

सकाळी उभेच राहणार होते. चप्पलसुद्धा घातली होती. पण नेमका भिगवणचा कारखान्यातला जुना जोडीदार फोनवर आला. कालचा वाढदिवस त्याला आज कळला होता. 'आधारस्तंभ' हा शब्द त्यानं दोनदा उच्चारला. हिंदुराव ओट्यावरच टेकले. छकुली समोरून सायकल घेऊन गेली, तिला त्यांनी हात केला, आणि फोनमध्ये म्हणाले, "आपलं कसं हाय, चार लोक मानत्यात म्हणून..."

ब्रेक किंचाळले.

हिंदुराव धावत कोपऱ्यावर आले तेव्हा डंपर रस्त्यात तिरका उभा होता आणि ड्रायव्हर खाली उतरून कपाळाला हात लावून म्हणत होता, "मी वाचवली! मी वाचवली, आबा!" सायकल एकीकडं. छकुली मुरुमात बसलेली. कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त. एका हाताच्या अंतरानं चाक गेलं होतं.

"बघून यायचं न्हाय व्हय गं?" हिंदुराव ओरडले. घाबरला की माणूस ओरडतोच.

छकुलीनं फ्लेक्सकडं बोट केलं.

"कसं बघणार, आबा? तुम्ही मधे होता."

हिंदुराव वळले आणि दोन्ही हातांनी फ्लेक्स ओढायला लागले. एका बाजूची दोरी तुटली, दुसरी तुटेना. मग ते फेट्याच्या कडेनं फाडायला लागले. तार बोटात घुसली.

दिग्विजय पळत आला. "आबा, आबा, थांबा! मी काढतो! अन् उद्या पाव्हणं यायचेत न्हवं तुमचे?"

"लांब हो!"

सोपान गुरुजींनी छकुलीला पाणी दिलं. ती लंगडत आजोबांजवळ आली आणि त्यांच्या सदऱ्याला धरून म्हणाली, "राहू द्या आबा, हात कापलाय तुमचा. दिग्विजयदादाची चूक आहे, तुमची नाही."

हिंदुराव थांबले. अर्धा फ्लेक्स लोंबत होता, आणि पलीकडं पुलापर्यंतचा रस्ता दिसत होता. सगळी कॉलनी गोळा झालेली. एरवी त्यांनी दिग्विजयला तिथंच सोलला असता.

"न्हाय पोरी," ते म्हणाले. "मी कालच काढणार व्हतो. दोरीला हात घातला व्हता. पण मला आवडला व्हता गं त्यो."