शनिवारचं ऊन आणि आईचा नियम

एकटेपणा हा स्वभावदोष नाही, हे मी सभांमधून ओरडून सांगते. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन बायकोला विचारतात, "तुला काय कमी आहे?" आमच्या घरातही हेच वाक्य होतं, म्हणून त्याचा मला राग आहे.

मी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. हिवाळ्यात शनिवारी धुकं विरलं की लॉनवर चटया पडायच्या. आमच्या ब्लॉकमधल्या सात-आठ मराठी बायका मटारच्या पिशव्या घेऊन खाली उतरायच्या. सोललेले निम्मे दाणे आम्हा पोरांच्या तोंडात. सासूची गाऱ्हाणी, साहेबांच्या नकला, पोरांचे मार्क, सगळं तिथे निघायचं. कुणाला रडू आलं तर बाकीच्या सोलता सोलता ऐकून घ्यायच्या. आमच्या शिबिरांत आता याला 'आधारगट' म्हणतात. त्या नुसतं ऊन खायला जमलोय म्हणायच्या.

सगळ्या बदलीवर आलेल्या. हुकूम आला की जाणारीला निरोप, एक फोटो, आणि मग सहा महिने तिला फोन करायचा नाही. हा नियम माझ्या आईचा. "फोन केला की जीव इकडेच अडकतो गं. तिकडे रुजू दे तिला."

मग बाबा रिटायर झाले. क्वार्टर सोडायला लावताना घरातल्या बाईचं अख्खं जग काढून घेतोय, हे कुठल्याच सरकारी कागदावर नसतं. आम्ही गेलो नोएडाला, मेट्रोने तासाभरावर. पण बायकांनी निरोप दिला तो चेन्नईला निघाल्यासारखा. आईनेही तसाच घेतला.

सातवा मजला, समोरची दारं बंद. आई दुपारपर्यंत केस विंचरेनाशी झाली. दूध उतू जायचं आणि ती शेजारीच उभी असायची. मटार आता फ्रोझन, पाकिटातला. बाबा म्हणायचे, "स्वतःचं घर आहे, लिफ्ट आहे. तुला काय कमी आहे?" डॉक्टरांनी व्हिटॅमिन लिहून दिली आणि म्हणाले, "माताजी, टहला कीजिए." ती एकटीच पार्किंगला फेऱ्या मारू लागली.

एका संध्याकाळी म्हणाली, "मी नसले तरी कुणाचं काही अडत नाही बघ."

मी घाबरले. त्याच शनिवारी तरातरा लॉनवर गेले. "चार महिन्यांत एकीलाही तिची आठवण नाही?"

तळमजल्यावरच्या रत्नागिरीच्या खाला उसळल्या. "आठवण? तुझ्या आईनेच हात बांधलेत आमचे! सहा महिने म्हणजे सहा महिने. मी कॅलेंडरवर खुणा करतेय."

"पण ती नोएडाला आहे, खाला!"

नागपूरच्या काकू म्हणाल्या, "अरे यार. ब्लॉक सोडला म्हणजे दिल्ली सोडली, हेच डोक्यात बसलंय आपल्या."

घरी येऊन सांगितलं, तर आई हट्टाला पेटली. "नियम माझाच. मीच कसा मोडू?"

"त्या पाळतायत आणि तू झुरतेयस. कुणाचं भलं होतंय यात?"

पुढच्या शनिवारी मात्र तिने साडी बदलली. मेट्रोत पूर्ण वेळ माझा दंड धरून बसली होती.

लॉनवर तिच्या जागी पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी बसली होती. ती गडबडून उठली. "बस गं, नुसती सरक," आई म्हणाली.

"आलीस?" खाला कडाडल्या. "चार महिने तोंड शिवून बसलो आम्ही. आधी माफी माग!"

"माफी कसली, मटार दे इकडे."

दहा मिनिटांत आईने त्या नव्या मुलीच्या सासूपर्यंत मजल मारली. मग रडलीही. कुणी तिला गप्प केलं नाही. मी झोपाळ्याच्या खांबाला टेकून तिचा आवाज ऐकत होते. बाबांना, डॉक्टरांना काय काय सुनवायचं, याची मनातली यादी कधी थांबली कळलं नाही.

ऊन उतरलं, एकेक जण उठली. आईचं बोलणं संपेना. शेवटी खाला तिच्याखालची चटई ओढू लागल्या, आणि आई हसत हसत चटईवर तशीच घट्ट बसून राहिली.