फिल्टरमधली काजळी

खोदाईच्या मोठ्या यंत्रांची दुरुस्ती करणं हे माझं काम. बाबा इथे भोपाळच्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही अवधपुरीचे झालो. मी इथेच इंजिनियर झाले आणि एका डीलरकडे सर्व्हिसला लागले. साइटवर मला पाहून लोक अजूनही विचारतात, "मॅडम, इंजिनियर कब आएगा?"

धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हाची ही गोष्ट. इंजिनाच्या पाटीवर 'सीईव्ही पाच' असं छापून येऊ लागलं होतं. जुनी 'बीएस तीन'ची मशिनं काळा धूर सरळ हवेत सोडायची. नव्यांत तो फिल्टरमध्ये अडतो आणि काजळी तिथेच साठते. पडद्यावर दिवा लागला की मशीन बाजूला उभं करायचं आणि इंजिन चालू ठेवून ती काजळी जाळू द्यायची. तेवढा वेळ खोदाई बंद. ठेकेदारांना नेमकं तेच सहन होत नाही.

शाहपुऱ्याला एका इमारतीच्या तळघराची खोदाई चालली होती. तिथल्या नव्या मशीनवर साठीला टेकलेले एक चाचा होते. सगळी उमर जुन्या मशिनांवर गेलेली, पण नवा पडदा त्यांनी माझ्याकडून मन लावून शिकून घेतला होता. दिवा लागला की ते थांबायचे. सेठ वर कडेला खुर्ची टाकून बसलेला असायचा. तो तिथूनच भोपाळी ढंगात ओरडायचा, "को खाँ, फिर सो गए? बटन दबाओ और चलाओ!" काजळी जाळणं पुढे ढकलायचं एक बटण असतं. चाचा ते दाबायचे आणि बकेट पुन्हा मातीत घालायचे. हे मी स्वतः दोनदा पाहिलं होतं आणि सेठला समजावलंही होतं. तो म्हणाला होता, "मॅडम, मशीन बेच दी न? अब जाओ."

शेवटी एका सकाळी मशीनची ताकदच गेली. इंजिन चालत होतं, पण बकेट उचलत नव्हतं. मी जाऊन पाहिलं तर फिल्टर ठासून भरलेला. आता जाळण्यासारखी स्थिती राहिली नव्हती, तो काढून सफाईला न्यावा लागणार होता. चाचांनी आणि मी मिळून तो उतरवला आणि ताडपत्रीवर ठेवला. त्याच्या तोंडाशी मऊ काळी पूड जमली होती.

सेठ खाली आला. फिल्टरकडे बघत म्हणाला, "नई मशीन धुआँ नहीं छोड़ती, यही बोला था न? तो धुआँ गया किधर?" त्याने दोन बोटं काजळीत बुडवली आणि चाचांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढली. "ये रहा."

मजूर हसले. मग त्याने तळवा भरून काजळी घेतली आणि दोन्ही गालांना नीट चोळून लावली, घाई न करता, लहान मुलाला पावडर लावावी तशी. एकाने फोन काढला. सेठने चाचांची हनुवटी वर केली. "हँसो खाँ, वीडियो बन रहा है."

चाचा हसले. काळ्या तोंडात पिवळे दात दिसले.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बटन आपके कहने पर दबाया था इन्होंने. सबने सुना है."

हसणं थांबलं. सेठ माझ्याकडे वळलाच नाही. हळू आवाजात त्याने चाचांना विचारलं, "मैंने बोला था?"

"नहीं सेठ. ग़लती मेरी थी."

"तो मॅडम झूठ बोल रही हैं?"

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हाँ, सेठ."

"सुन लिया सबने?" सेठ म्हणाला. मग चाचांच्याच गमछ्याला त्याने आपले हात पुसले. "ग़लती तेरी, तो कल से मत आना."

त्याने आमच्या ऑफिसला फोन केला. दुसऱ्या दिवसापासून ती साइट माझ्याकडून काढून दुसऱ्या इंजिनियरकडे दिली.

काही महिन्यांनी चाचा मला शाहपुऱ्याच्या तलावापाशी दिसले. एका दुकानाबाहेर पहारेकऱ्याच्या वर्दीत बसले होते. मी थांबले, विचारपूस केली. ते उठलेही नाहीत.

"आपने मुँह क्यों खोला?" ते म्हणाले. "वो थक जाता. मैं नल पे मुँह धो लेता, काम पे लग जाता. आपने सबके सामने उसको झूठा बोल दिया. फिर वो मुझे कैसे रखता?"

"पर सच तो वही था, चाचा."

"सच मुझे भी मालूम था."

एक गाडी आली, त्यांनी उठून ती लावून घेतली आणि परत येऊन बसले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं की तो व्हिडिओ नातीच्या फोनमधून काढून टाकता येतो का. "पोती के फोन में आ गया है. बताती नहीं है कि देखा. बस, अब मेरे साथ बाज़ार नहीं जाती."

मी घरी येऊन तो व्हिडिओ जिथे जिथे सापडला तिथे तक्रार टाकली. एका ठिकाणचा उतरला. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी त्यावर गाणं चढवलं होतं, आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती.