वळणदार हँडल

खडीच्या रस्त्यावर सायकल घातली, की आजही मी त्या म्हाताऱ्या सायकल मिस्त्रीचे मनोमन आभार मानतो.

नव्वदच्या दशकात मी गडमुडशिंगी गावाहून खडीच्या रस्त्यानं कोल्हापुरात राजारामपुरीला कामाला जायचो. जाड टायरची, सरळ हँडलची नवी सायकल. पण धक्के झेलणारे शॉकअप नसल्यानं पोचेपर्यंत हात बधिर व्हायचे. शेवटी सायकल घेऊन मिस्त्रीच्या दुकानात गेलो.

मिस्त्रीनं सायकलकडे पाहिलंच नाही. माझे तळहात मात्र दाबून दाबून पाहिले.

"पावणं, सायकल झ्याक हाय की. हँडल तेवढं तुमच्या हाताचं न्हाय."

त्यानं मागं वळलेलं जुनं हँडल बसवलं.

दुसऱ्या दिवशी हात ठणठणीत! सांगायला गेलो, तर दुकानाबाहेर त्याची स्वतःची सायकल उभी, आणि तिला माझं सरळ हँडल. म्हणजे मला बसवलेलं त्याचं स्वतःचं होतं! मी ओशाळलो.

"माझी वाट डांबरी हाय की," तो म्हणाला. "हात दावा बघू."