माष, चौकट आली!

सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या बोळात कुठल्या ना कुठल्या घरातून हाक यायची, "माष, चौकट आली!" आणि शंकुण्णी माषांचं फाटक करकरायचं. लुंगीसारख्या मुंडूचं टोक एका हातात, काखेत छत्री, खिशात वाचायचा चष्मा. पाऊस नसला तरी छत्री हवीच, कारण छत्रीशिवाय निघालेल्या माणसाला लोक रिकामटेकडा समजतात असं माषांचं मत.

माष म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त गणिताचे मास्तर. शाळेत सरकारने संगणक चालवायला मोफतचं लिनक्स आणलं तेव्हा बाकीचे शिक्षक हात जोडून मागे सरले आणि माष एकटे पुढे गेले. पुढे त्यांनीच वाचनालयात लिनक्स बसवलं, मग बोळातल्या सहा घरांत. तेव्हा इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालायचं, म्हणून त्यांनी आपल्या घरातल्या एका जुनाट संगणकावर सगळ्यांसाठी अपडेट साठवायची सोय केली. तिथून वाचनालयापर्यंत माडामाडांवरून वायर ओढली, आणि वाचनालयातून सहाही घरांत. त्या वायरीवर आम्ही सगळे अपडेट पितो, अजूनही.

तर ही चौकट. संगणक सुरू केला की थोड्या वेळाने कोपऱ्यात यायची: नवे अपडेट आलेत, बसवू का? 'हो' म्हटलं की ती पासवर्ड विचारणार. आणि पासवर्ड? तो फक्त माषांना ठाऊक. सहाही घरांचा एकच. ते पाठ वळवून, खांद्याने कीबोर्ड झाकून तो टाकायचे. मी विमा विकतो, म्हणजे दुसऱ्यांच्या घरात डोकावणं हा माझा धंदाच आहे. पण एकोणीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहूनही मला त्यातली दोन अक्षरं दिसली नाहीत.

ते सोडा. मला जे खुपायचं ते वेगळंच. माष आले की आमची रोसी कढई चढवायची. पिकल्या नेंद्र केळ्याचे काप पिठात बुडवून, सोनेरी तळून, पितळी ताटलीत. पळंपोरी! मला मात्र तांदळाच्या पिठाचा वाफवलेला कालचा पुट्टू, दुधात मोडून.

"मी नवरा आहे तुझा," मी एकदा म्हणालो.

"म्हणूनच," रोसी म्हणाली. "माष उद्या आले नाहीत तर चौकट कोण घालवणार? तुम्ही? तुम्हाला पंख्याचं बटण सापडत नाही."

अशा माणसाच्या पोटात दुखेल नाहीतर काय होईल? म्हणून सांगतो, पुढे जे झालं त्यात माझा हात नव्हता असं नाही.

त्या साली मे महिन्यात वाचनालयाच्या मागचं घर नफीसा टीचरने घेतलं. ती आमच्याच शाळेत संगणक शिकवते आणि पूर्वी माषांच्याच वर्गात होती. बाई हुशार, शिवाय हसून बोलणारी. दोन महिन्यांत बोळातल्या बायका पासपोर्टचा अर्ज, लेकीचा निकाल, गल्फमधल्या मुलाशी व्हिडिओवर बोलणं, सगळं घेऊन तिच्याकडे जायला लागल्या. मग वाचनालयाचे अध्यक्ष कुमारन वैद्य एकदा सहज बोलून गेले, "संगणक खोलीची किल्ली चौदा वर्षं माषांकडेच आहे. आता टीचरकडे द्यावी का? दसऱ्यानंतरच्या रविवारी बैठकीत ठरवू."

'सहज' बोललेलं आमच्या बोळात सहज राहत नाही. माषांना ते कळलं त्या दिवशी त्यांनी किल्ली चड्डीच्या खिशातून काढून गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

आणि दसऱ्याच्या आठवड्यात, मंगळवारी, नफीसा आमच्या घरी आली. रोसीला बहिणीला पत्र छापायचं होतं. टीचर ते करत असताना कोपऱ्यात चौकट आली. नफीसाने सेटिंगची खिडकी उघडून बघितली आणि मोठ्या बहिणीला हाक मारावी तशी रोसीला म्हणाली, "चेची, हे रोज तपासायला लावलंय. आठवड्यातून एकदा लावलं तरी चालतं. महत्त्वाचे अपडेट तर न विचारता आपोआपसुद्धा बसतात."

"मग लाव ना!"

"पासवर्ड माषांकडे आहे. त्यांना विचारून बघू," असं म्हणून तिने खिडकी बंद केली. काहीही न बदलता.

हे मी दारात उभा राहून ऐकलं. आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर माषांना सांगितलं. अर्धंच.

"माष, टीचर म्हणत होती, रोज चौकट यायची गरजच नाही म्हणे. आपोआप होतं सगळं."

माषांचा चहाचा ग्लास हवेत थांबला. "कोण म्हणालं?"

"नफीसा."

"सहावीत तिला काटकोन आणि लघुकोन यातला फरक कळत नव्हता!"

"आता कळतो असं दिसतंय," मी म्हणालो. काय करणार, जिभेला हाड नाही.

"पैली," माष माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "रोज चौकट यावी असं मीच लावलंय. माणसाने रोज आपल्या यंत्राची चौकशी करावी म्हणून." मग ग्लास ठेवून उठले. वडा तसाच राहिला. मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. संध्याकाळी घरोघरी पुस्तकं, पेनं, करवती, शिवणयंत्रं देवीपुढे ठेवायची, ती दसऱ्याच्या सकाळी उचलायची. मधल्या काळात त्यांना हात लावायचा नाही. सुताराने रंधा मारायचा नाही, शिंप्याने दोरा ओवायचा नाही. आम्ही चर्चवाले, पण दसऱ्याच्या गूळपोह्यांना आमच्या घरातून कुणी चुकत नाही. माष मात्र या सगळ्यापासून लांब. दरवर्षी ओणमच्या भाषणात ते सांगतात, "यंत्र विजेवर चालतं, कापरावर नाही." पूजेच्या दिवसांत ते पूजेच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाहीत, कुणी बघितलं तर भाषण वाया जाईल म्हणून.

गुरुवारी सकाळी कुणी हाक मारली नाही. साडेसात, आठ, साडेआठ. माष व्हरांड्यात छत्री घेऊन तयार. मी कुंपणावरून बघत होतो. शेवटी ते स्वतःच आले.

"रोसी, चौकट आली का?"

"नाही हो माष. आज शांत आहे. टीचरने बघितलं ना परवा, सुटलो बाई!"

रोसीच्या मनात पाप नव्हतं. तिने हातात घेतलेली कढई खाली ठेवली, एवढंच. पण कढई खाली ठेवल्याचा तो आवाज माषांच्या काळजात गेला. खरं सांगतो, माझ्याही गेला. माष नाहीत तर पळंपोरीच नाही, हे मला तेव्हा कळलं.

माष बाकीच्या पाच घरांत जाऊन आले. कुठेच चौकट नाही. सगळीकडे एकच: "टीचरचे हात लागले!" ज्या घरात टीचर कधी गेलीच नव्हती, त्या घरातसुद्धा.

परत आमच्याकडे आले तेव्हा चेहरा वाळल्या सुपारीसारखा. संगणकासमोर बसले, खांद्याने झाकत पासवर्ड टाकला, सेटिंग उघडलं. रोज तपासा: आहे. लगेच दाखवा: आहे. "काही बदललेलं नाही," ते पुटपुटले. आणि हे ऐकून आनंद व्हावा तर त्यांचा आणखी जळफळाट झाला. मग त्यांनी 'आत्ता तपासा' दाबलं. जरा वेळ गोल फिरलं आणि खाली उमटलं: जोडणी होऊ शकली नाही.

माष ताडकन उठले. "वायर! तिच्या परसातल्या माडावरून जाते वायर. आणि काल तिच्याकडे नारळ काढायला माणूस चढला होता."

"माष, नारळ काढायलाच चढला असेल."

"चल माझ्याबरोबर. साक्षीदार लागेल."

नफीसाच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "नफीसा, बाहेर ये. तुझ्यासमोर वायर तपासायची आहे. आजच. रविवारी बैठक आहे, तेव्हा लोकांना कळू दे वायर कोणी तोडली."

ती पदर सावरत बाहेर आली. "माष, मी कशाला तोडू?"

"ते वायर सांगेल."

मग निघाली आमची वरात. पुढे माष छत्रीचं टोक वर धरून, मागे नफीसा, मागे मी. वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून नफीसाच्या माडावर: वायर धडधाकट. माडावर दोन नारळ कमी, बाकी काही नाही. तिथून आमच्या फणसावर. तिथे एका कावळ्याने घरट्यात तिचा एक पीळ घेतला होता, पण तुटलेली नाही. फणसावरून विहिरीच्या रहाटावर. प्रत्येक झाडापाशी माष थांबत, वर बघत, आणि त्यांच्या छत्रीचं टोक थोडं थोडं खाली येत होतं. रहाटावरून वायर गेली थेट माषांच्या स्वयंपाकघरामागच्या पूजेच्या खोलीच्या खिडकीत.

मागच्या दाराने आम्ही शिरलो, तर आत दिवा तेवत होता. खालच्या फळीवर पुस्तकं, माषांच्या बायकोची, भार्गवी चेचीची, शिवणाची कात्री, आणि जमिनीवर लाल रेशमी कापडाखाली काहीतरी चौकोनी. वर झेंडूची फुलं, चंदनाचा टिळा. आणि आमची वायर त्या रेशमाखाली, अपडेट साठवणाऱ्या त्या जुनाट संगणकात शिरलेली. शेजारी विजेची पिन, भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेली.

माष दबक्या आवाजात म्हणाले, "भार्गवी. हे बंद कोणी केलं?"

चेची हात पुसत आली. "अहो, पूजेत ठेवलेलं चालू कसं ठेवायचं? सुताराचा रंधा चालतो का?"

"मी फक्त म्हणालो होतो, एक फूल ठेव!"

"फूलच ठेवलं की. तुम्हीच म्हणालात ना, 'गुपचूप ठेव, यंदा किल्ली माझ्याकडेच राहू दे असं देवीला सांग, त्या पोरीकडे नको'..." आणि तेव्हा तिला दारातली नफीसा दिसली. चेचीने जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

मी माझ्या आयुष्यात बऱ्याच घरांत अवघड जागी उभा राहिलोय. हप्ता बुडालेल्या घरात, वाटणी चाललेल्या घरात. पण त्या दिवशी मला फणसावरच्या कावळ्याचा हेवा वाटला.

माष पिन उचलायला वाकले.

"हात लावू नका!" चेची ओरडली. "उद्या सकाळी. आज नवमी आहे."

म्हणजे माषांना ना दोष झाकता येत होता, ना लगेच दुरुस्त करता येत होता. त्या खोलीत, त्या फुलांसमोर, त्यांना नुसतं उभं राहायचं होतं.

नफीसा खाली बसली. रेशमाकडे बघत म्हणाली, "माष, सहावीत भूमितीच्या साहित्याचं कपाट होतं आठवतं? मोठी लाकडी कंपास, कोनमापक. त्याची किल्ली तुम्ही सिंधूला दिलीत. वर्षभर."

"सिंधूला? ...हो. पहिल्या बाकावर बसायची."

"मी दोन दिवस जेवले नव्हते. उम्माला वाटलं ताप आलाय. सिंधू वाटेवरच्या विहिरीत पडो असंही म्हटलं होतं मी मनात." ती हसली, पण पूर्ण नाही. "तुम्ही तर फक्त फूल ठेवलंत."

"त्या सिंधूने कंपास हरवली," माष म्हणाले.

"मला माहीत आहे. मी सांगितलं नव्हतं."

त्यावर माष पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत म्हणाले, "पैलीने मला सांगितलं की तू सगळं बदललंस."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, रोसी हाक मारतेय. रोसी हाक मारत नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही गूळपोह्यांना गेलो. नफीसाही आली होती, चेचीने मुद्दाम बोलावलं होतं. पूजा उचलली, पुस्तकं वाटली, आणि परातीत तांदूळ पसरले. त्यात सगळ्यांनी बोटाने पहिली अक्षरं लिहायची. चेचीने कापड काढलं, माषांनी पिन लावली. जुनं यंत्र घुरघुरलं. आम्ही पोहे संपवतोय तोवर बोळाच्या टोकापासून एकेक हाक यायला लागली: "माष, चौकट आली!" "माष, आमच्याकडे पण!" आधीच घरी परतलेली रोसीसुद्धा, दोन दिवसांचं साठलेलं सगळं एकदम.

माषांनी छत्री उचलली नाही. ते परातीसमोर बसले. "नफीसा, इकडे ये. बस."

तिने पदर खोचला आणि समोर बसली. माषांनी गळ्यातला दोरा काढून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. मग खांदा पुढे करून, आयुष्यभराच्या सवयीने झाकून, तांदळात बोटाने काहीतरी लिहिलं. मी पोह्यांची वाटी घेऊन उठलो, पुढे झालो, मान लांब केली. पहिलं अक्षर दिसतं न दिसतं तोच माषांनी तांदळावरून हात फिरवला.

पण नफीसाने वाचलं होतं. ती आधी खळाळून हसली. मग डोळ्यांना पदर लावला.

"सहावीत आमच्याकडून म्हणून घ्यायचात, तोच होता? इतकी वर्षं?"

"लांब आहे, पण पाठ आहे म्हणून सोपा पडतो," माष म्हणाले. "आणि कुणाला सांगायचं नाही."

रविवारी बैठकीत माषांनीच नफीसाचं नाव सुचवलं. कुमारन वैद्यांना बोलायला काही उरलंच नाही. आता चौकट आठवड्यातून एकदा येते, शनिवारी. नफीसा पासवर्ड टाकायला येते आणि ती नीट टाकते की नाही हे बघायला माषही येतात, छत्रीसकट. म्हणजे रोसी आता दोन ताटल्या भरते. मला पुट्टू.

मी रोसीला म्हणालो, टीचरला विचार ना, काय होतं ते तांदळातलं. ती म्हणाली, "विचारलं. सांगत नाही." चेचीला विचारलं, तीही सांगत नाही. माषांना मी पाळत ठेवून, विम्याचा नवा प्लॅन समजावता समजावता, आडून विचारून पाहिलं.

"पैली," ते म्हणाले, "तू सहावीत कुठल्या बाकावर बसायचास?"

"शेवटच्या."

"मग बस तिथेच."