घाई नसलेले सबजज्ज

आमच्या मामांच्या घरात एखादी शिवी खपून जाई, शप्पथ मात्र खपत नसे. जेवताना कुणी सहज "देवाशप्पथ" म्हणालं की मामा हातातला घास ताटात ठेवीत आणि त्या माणसाकडे नुसते बघत राहत. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मामा मेहकरच्या दिवाणी कोर्टात सबजज्ज होते. दिवसभर लोकांना शपथा देणाऱ्या माणसाच्या घरी ही बंदी, याचं नव्या पाहुण्याला हसू यायचं. मला येत नसे. ती बंदी ज्या दिवशी सुरू झाली, त्या दिवशी मी तिथे हजर होतो.

मामा जानेफळकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. नागपूरला शिकले, पण साक्षीदाराशी बोलायचे आपल्या वऱ्हाडीतच. एखादा कुणबी पिंजऱ्यात अडखळला की वकील त्याच्या अंगावर धावून जात. मामा टाक खाली ठेवत. "घाई नाही, बाप्पा. आठव, मंग सांग." आणि मग गप्प. ही गप्प बसण्याची तऱ्हा भयंकर होती. खऱ्याला त्यात धीर येई, खोट्याला घाम फुटे. भलेभले वकील त्या "घाई नाही"ला टरकून असत.

पक्षकाराकडून त्यांनी कधी मेथीची जुडीसुद्धा घेतली नाही. मी वकिलीची सनद घेऊन आलो तेव्हा आईला वाटलं, आता पोराचं भलं झालं, भाऊच जज्ज आहे. मामांनी मला चहा पाजला आणि सांगितलं, "माझ्या कोर्टात वकील म्हणून पाय ठेवायचा नाही. शिकायचं असेल तर मागच्या बाकावर बस." मी चिखलीला पाटी लावली आणि सवड मिळेल तेव्हा मागच्या बाकावर येऊन बसू लागलो.

तिथेच मी गोदाबाईला पाहिलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिचं म्हणणं, सासऱ्यानं जिवंतपणीच दोघा भावांची तोंडी वाटणी केली होती आणि विहिरीजवळचं वावर तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आलं होतं. दीर सखाराम म्हणे, वाटणी झालीच नाही. वाटणी ठरली तर वावर तिचं, नाही तर जन्मभर दिराच्या दारचा तुकडा. साक्षीदार सगळे मेलेले. शेवटी ती उठून म्हणाली, "भाऊजीनं शपथ घ्यावी. घेतली तं माहा दावा खोटा." कायद्यात तशी सोय होती, आणि एकदा शपथ झाली की जज्जाचेही हात बांधले जात. तिच्या वकिलाला उत्साह आला. तो म्हणाला, सखारामनं आपल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून घ्यावी. मामांनी मान हलवली. "पोरगं या दाव्यात पक्षकार नाही. त्याले यात आणता येणार नाही." मग ठरलं, गावातल्या महादेवापुढे बेलभंडार उचलायचा. मामांनी तिला पुन्हा विचारलं, "बाई, घाई नाही. विचार कर." ती म्हणाली, "तो खोटा बेल उचलनार नाही, साहेब. मले माहीत हाये."

पण सखाराम आला. नदीवर आंघोळ करून, ओलेत्या धोतरानं, गाभाऱ्यासमोर उभा राहिला. सगळं गाव जमलेलं. मामा ओट्यावर बसले होते. पुजाऱ्यानं बेल आणि हळद पुढे केली. सखारामचा हात निघाला. गोदाबाईचा चेहरा उतरला. वावर गेलंच होतं.

"थांबा!" ती ओरडली. गर्दीत सखारामचा मुलगा उभा होता, लहानपणापासून तिनंच वाढवलेला. त्याच्याकडे बोट करून ती मामांना म्हणाली, "साहेब, पोरगं पक्षकार नाही म्हनले न तुमी? मंग ही खोटी शपथ कोनावर पडन? नोको मले ते वावर. दावा सोडला मी."

मामांचा चेहरा पांढरा पडलेला मी तेवढा एकदाच पाहिला. तिथल्या तिथे दावा निकाली काढून ते उठू शकले असते. ते उठले नाहीत. फक्त म्हणाले, "घाई नाही." कुणाला म्हणाले, कुणास ठाऊक. जज्ज उठत नाही म्हणून गाव हलेना, आणि सखारामलाही जाता येईना. ऊन चढत गेलं. त्याच्या अंगावरचं धोतर अंगावरच वाळलं. आणि मग तो मटकन खाली बसला.

"वाटनी झाली होती," तो म्हणाला. "वावर वयनीचंच हाये."

गावानं मामांचा जयजयकार केला. मामा परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलले. "ती शपथ मी होऊ देणार होतो रे." त्या रात्रीपासून मामांच्या घरात शप्पथ बंद झाली.

पुढे मामांना बढती मिळाली आणि बदली थेट सागरकडे झाली. निघायच्या सकाळी दारात खामगावची मोटर उभी, सामान टपावर चढलेलं, आणि पायरीवर गोदाबाई. पदरात त्या वावरातली ज्वारीची कोवळी कणसं. मामांनी हात जोडले. "बाई, मी काही घेत नाही. तुले माहीत हाये."

"माहीत हाये न," ती म्हणाली आणि पायरीवरच ऐसपैस बसली. "मले घाई नाही."

ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला. मामी म्हणाल्या, खामगावची आगगाडी चुकेल. मामा उभे, ती बसलेली. समोरच्याला घाम फोडणारा माणूस कपाळ पुसताना मी पाहिला. शेवटी त्यांनी निरोपाला आलेल्या कोर्टाच्या नाझराला विचारलं, "इथला चार्ज काल दिला न मी?"

"दिला, साहेब."

मामा वाकले, एक कणीस उचललं आणि तिथेच उभ्या उभ्या दाणे काढून तोंडात टाकले. चावत असताना त्यांचे डोळे भरून आले. मोटर पुन्हा भोंगा वाजवत होती.

"वाजू दे," मामा म्हणाले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.