कुणालाही पाठव, पण त्याला नको

गेल्या वर्षी नेरूळमधल्या एका हॉस्पिटलच्या नैतिकता समितीचं अध्यक्षपद फादर नेल्सनना मिळालं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हसून अभिनंदन केलं आणि कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये येऊन बसले. प्रार्थना काही होईना. ते पद मला मिळायला हवं होतं, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

मी व्रतस्थ भगिनी आहे. नीतिशास्त्र शिकायला परदेशी गेले आणि परतल्यावर आयुष्यभर डॉक्टरांना, नर्सिंगच्या मुलींना, सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या मुलांना एकच विषय शिकवला: आजारी माणसाचं भलं कशात आहे, उपचार कुठवर करायचे आणि कुठे थांबायचं. नेल्सन माझा विद्यार्थी. हुशार नव्हता असं म्हणणार नाही, पण आळशी होता. अजूनही एखाद्या परिषदेच्या आधी त्याचा फोन यायचा, "सिस्टर, ते साधारण आणि असाधारण उपचारांचं, कोणते करायलाच हवेत आणि कोणते थांबवता येतात ते, जरा परत सांगा ना." मी सांगायची. मग तेच तो व्यासपीठावरून बोलायचा, लोक भारावून जायचे आणि पेपरात त्याचा फोटो यायचा. त्याच्याकडे आवाज होता, हसणं होतं आणि पांढरा झगा होता. चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत त्याच्या हातून ख्रिस्तशरीराची भाकर घेतानाही मी मान वर करत नसे. आतून जळत असताना त्याच हातून परमेश्वर स्वीकारायचा, याची लाज वाटायची, पण जळणं काही थांबत नव्हतं.

अशातच माझ्या दादाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तो आणि वहिनी कामोठ्याला राहतात. रुग्णवाहिकेतून नेताना खाट मिळाली ती नेमकी त्याच हॉस्पिटलात. मला त्या दारातून आत जावं लागलं. दादाला व्हेंटिलेटर लावलेला होता. वसईच्या आमच्या वाडीत केळीचे घड खांद्यावरून वाहणारा माझा दादा नळ्यांमध्ये ओळखू येत नव्हता. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बाजूला बोलावलं. मेंदू पुन्हा काम करेल अशी आशा उरलेली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं आहे. आता यंत्राने श्वास चालू ठेवायचा की नाही, हे घरच्यांशी बोलून ठरवावं लागेल.

वहिनी माझ्याकडे वळली. "बाय, तू हेच शिकवतेस ना? सांग मला. हे काढलं तर मी माझ्या नवऱ्याला मारलं असं होईल का?"

किती वेळा किती लोकांना मी याचं उत्तर दिलं होतं! उत्तर मला येत होतं, पण त्या क्षणी माझाच त्यावर विश्वास बसत नव्हता. "थांब जरा, येते मी," एवढं म्हणून मी बाहेर जाऊन लिफ्टसमोरच्या बाकावर बसले. वहिनी परत परत दारातून डोकावून बघत होती. मी डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, कुणाला तरी पाठव. कुणालाही पाठव, पण त्याला नको.

लिफ्ट उघडली आणि फादर नेल्सन समोर उभे.

"सिस्टर? तुम्ही इथे?" ते गोंधळले. "मला खालच्या मजल्यावर जायचं होतं. ही लिफ्ट वरच आली."

मी काही बोलण्याआधीच वहिनी त्यांच्याकडे धावली. त्यांना ती ओळखतही नव्हती, फक्त झगा पाहिला. मला विचारलेला प्रश्न तिने त्यांना विचारला. खरं सांगते, दादा आत यंत्राच्या श्वासावर असतानाही माझ्या मनात आलं, बघ, इथेही हाच!

फादर तिच्याशेजारी बसले आणि हळू बोलू लागले. "त्यांना त्यांचा आजार घेऊन जातोय, तुम्ही नाही. यंत्र आता त्यांना बरं करत नाहीये, फक्त थांबवून धरतंय. उपचार थांबवता येतात, बाई. माया थांबवायची नसते. तुम्ही त्यांचा हात धरून बसा."

उपचार थांबवता येतात, माया थांबवायची नसते. हे वाक्य माझं होतं. वर्गात फळ्यासमोर उभी राहून मी ते म्हटलेलं होतं. पहिल्यांदा रागच आला, चोरीची वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तसा. आणि मग एकदम रडू कोसळलं. कारण माझंच वाक्य मला स्वतःला सांगता येत नव्हतं. ते मला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायला हवं होतं. धर्मगुरूलाही स्वतःच्या पापांची क्षमा स्वतःला देता येत नाही. तोही पापांच्या कबुलीसाठी दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकतो. मी नेल्सनच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले.

दुपारी त्यांनी दादाच्या कपाळाला पवित्र तेल लावून तैलाभ्यंगाचा संस्कार दिला. वहिनीने सही केली आणि कागदोपत्री सगळं नीट झाल्यावर यंत्र काढलं. वहिनीने दादाचा हात धरला होता, मी त्याच्या पायांशी होते आणि जपमाळ हातात घेऊन फादर रोझरीची प्रार्थना सांगत होते. दादा शांतपणे गेला.

मत्सर गेला असं मी लिहिणार नाही. परवाच फादरांच्या नव्या सन्मानाची बातमी आली आणि मनात पुन्हा आलं, बघ, इथेही हाच! आता तसं झालं की मी त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करते. कधी मनापासून, कधी दात आवळून. मदत मागावी, पण ती कुणाच्या रूपाने यावी हे देवाला सांगत बसू नये, एवढं मात्र मला उमगलं आहे.

मध्यंतरी कामोठ्याला गेले होते. मी वहिनीची माफी मागू लागले, त्या दिवशी मी तुला काहीच सांगू शकले नाही म्हणून. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "बरं झालं गप्प बसलीस. तू बोलली असतीस ना, तर मला वाटलं असतं, सिस्टर बोलतेय. तू रडलीस, तेव्हा कळलं की दादा तुझा पण जातोय. मग मला एकटं नाही वाटलं."

मी तिच्यासमोर बसले आणि तिच्याबरोबर वाटाणे सोलू लागले.