चौदा नंबरची सावली

झोनमध्ये त्याला सगळे माळीदादा म्हणत. झोन म्हणजे लांबलचक भिंत, भिंतीवर तारा, आत काळेभोर रस्ते, दिव्यांचे खांब आणि चुन्यानं आखून ठेवलेले चाळीस प्लॉट. परदेशी कंपन्यांनी यावं, कारखाने काढावेत, लोकांना काम द्यावं म्हणून सरकारनं सगळी तयारी केली होती. पहिली काही वर्षं कर माफ, बाहेरून आणलेल्या मालावर जकात नाही, सगळ्या परवानग्या एकाच खिडकीत. ती खिडकी खरोखरच होती. माळीदादाची बायको रोज सकाळी तिची काच पुसायची. काच इतकी लख्ख, की एकदा एक कबुतर येऊन आपटलं. त्याखेरीज त्या खिडकीवर बरीच वर्षं कुणी आलं नाही.

आता जिथं कारखानेच नाहीत तिथं पाहुण्यांना दाखवायचं काय? तर हिरवळ. पाहुणे यायचे ठरले की साहेबांच्या जिवाला घोर, आणि साहेबांच्या जिवाला घोर म्हणजे माळीदादाच्या पायाला भिंगरी. रिकाम्या प्लॉटवर गवताच्या गुंडाळ्या सतरंजीसारख्या अंथरायच्या. फुलांच्या कुंड्या पहिल्या वळणावर मांडायच्या, पाहुणे पुढे सरकले की त्याच कुंड्या मागच्या रस्त्यानं पळवत दुसऱ्या वळणावर. बायकोला हसू आवरायचं नाही. पोरगी केस न विंचरता शाळेत जाते आणि तुम्ही इथं गवताचा भांग पाडत बसता, म्हणायची.

ती झोनच्या ऑफिसात झाडलोट करायची. दोघांची जेवणाची सुट्टी एकच, पण बसायला सावली नाही. सगळं नवंकोरं आणि रणरणतं. तेव्हा तिनंच काढलं, की चौदा नंबरवर एक झाड लावू. चौदा नंबर अगदी टोकाला, मागच्या भिंतीला लागून. तिकडे कुठला पाहुणा यायला बसलाय? माळीदादानं शिरीषाचं रोप आणलं. झाड लावणं हे दोघांचं काम. एकानं रोप सरळ धरायचं, दुसऱ्यानं माती ओढायची. तिनं धरलं.

"तिरकं होतंय," तो म्हणाला.

"रोप सरळ आहे. मान तुमची तिरकी आहे."

झाड किंचित तिरकंच वाढलं. चूक कोणाची, या वादावर पुढे किती डबे उघडले आणि संपले त्याला गणती नाही.

शिरीष हाडाचा उंडगा, भराभर वाढतो. लेक शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्सला जाईपर्यंत त्यानं निम्मा प्लॉट सावलीखाली घेतला. माळीदादानं खाली दोन सपाट दगड आणून ठेवले, एक तिचा, एक त्याचा. आणि मग एका सकाळी छातीत दुखतंय म्हणून बायको उठली, ती दवाखान्यात पोचेपर्यंत गेलीसुद्धा. त्यानंतर माळीदादा चौदा नंबरवर एकटाच डबा खायला बसू लागला. एकटा म्हणजे लोकांच्या लेखी. त्याच्या लेखी ती तिथं होती आणि घरात नव्हती. हे शहाणपणाचं की खुळेपणाचं, ते ज्याचं माणूस गेलं नाही त्यानं ठरवू नये.

लेकीचं दुखणं वेगळं होतं. कोर्स पहिल्या वर्गात झाला, पण काम कुठे मिळेना. लांबच्या मोठ्या शहरात मिळालं असतं, पण तिकडे जायचं म्हणजे बाप मागे एकटा. घरी आल्या आल्या ती विचारायची, बाबा, झोनमध्ये कुणी येतंय का? तो म्हणायचा, येतंय, येतंय. त्याचं आपलं धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. कुणी आलं नाही तर लेक जाणार. आलं आणि चौदा नंबरच मागितला तर झाड जाणार. शेवटी त्यानं मनाशी तोडगा काढला. चाळीस प्लॉट आहेत. कुणीतरी यावं, पण पुढे फाटकाजवळ, दोन नंबरवर यावं. लेकही राहील, झाडही राहील. मागणं काही फार नव्हतं.

एके दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली. खुर्ची मिळाली तेव्हाच त्यानं ओळखलं की पाणी डोक्यावरून गेलंय. फोनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीची माणसं जागा बघायला येणार होती. हेही हात हलवत परत गेले तर झोनला टाळं लागणार, असं वरून कळवलं होतं. माळीदादानं जिवाचं रान केलं. दोन नंबरवर असं गवत अंथरलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. असतील नसतील तेवढ्या कुंड्या तिथं नेऊन मांडल्या. चौदा नंबरला त्यानं मुद्दाम हात लावला नाही. तिथलं आळं, काटछाट, पाचोळा हे सगळं तो रोजच करत होता, आणि ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं.

पाहुणे आले ते भर उन्हात. अंगात कोट, गळ्यात टाय, कपाळावर घाम. दोन नंबरवर साहेब सवलतींचा पाढा म्हणत राहिले आणि पाहुणे रुमालानं मान पुसत राहिले. त्यांच्यातली म्हातारी, सगळ्यांची वरिष्ठ असलेली बाई मात्र ऐकतच नव्हती. तिनं लांब बोट दाखवलं, काहीतरी विचारलं आणि सरळ चालायला लागली. तिच्यामागून सगळी वरात चौदा नंबरवर.

शिरीषाखाली त्यांनी कोट काढले. बाई माळीदादाच्या बायकोच्या दगडावर बसली. कुणीतरी थंड पाणी आणलं, नकाशा जमिनीवर पसरला, कुणीतरी हसलंसुद्धा. ऑफिसातल्या फोटोग्राफरनं फोटो काढला. माळीदादा दूर नळी हातात धरून उभा होता आणि पाणी त्याच्याच पायांवर वाहत होतं. कुणी काही बोलायच्या आधीच त्याला सगळं कळून चुकलं.

साहेब धावत आले. आनंदानं त्यांचे डोळे भरले होते. "चौदा नंबर ठरला, माळीदादा. बाई काय म्हणाल्या माहितीये? ज्यांनी एक झाड एवढं जपलं, ते आमचा कारखानाही जपतील, म्हणाल्या. हे तुमच्यामुळे झालं."

"आणि झाड?"

"झाड राहणार. नकाशात आहे."

साहेब खोटं बोलले नव्हते. पहिल्या नकाशात झाडाच्या जागी हिरवं वर्तुळ होतं. पण मालाच्या ट्रकला वळायला जागा लागते, आणि ट्रकपुढे शिरीषाचं काय चालणार? पुढच्या नकाशात वर्तुळ नव्हतं.

लेकीनं ऐकलं आणि कारखान्यात भरायचा अर्ज बाजूला ठेवला. "मी नाही जाणार तिथं. आईचं झाड पाडून मला नोकरी नको."

माळीदादानं अर्ज उचलून परत तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "तू गेलीस काय, नाही गेलीस काय, झाड जाणारच आहे. मग तिचं झाडही गेलं आणि लेकही रिकामी बसली, असं कशाला? जा तू. तुझ्यासाठी गेलं असं तरी मला म्हणता येईल."

वरच्या फांद्या त्यानं स्वतःच्या हातानं उतरवल्या. परक्यांनी ओरबाडायला नकोत. बुंधा मशीननं पाडला. तेव्हा तो रडला, ठेकेदाराच्या माणसांसमोर, तोंड न झाकता. दगड त्यानं बाजूला काढून ठेवायला सांगितले होते, पण ते भरावात गेले.

कारखाना झाला. पांढरी शेड, एकही खिडकी नाही, दारावर पास दाखवल्याशिवाय आत जाता येत नाही. माळीदादाला पास नव्हता. लेक सकाळी त्याच्याबरोबर निघायची, फाटकात हात करायची आणि आत गुडूप व्हायची. संध्याकाळी दोघं एकत्र जेवायची. घरात हसणं परत आलं होतं, आणि त्यालाही कधीकधी वाटायचं की सौदा वाईट नव्हता. वाटायचं, आणि मग दुपारी डबा घेऊन तो उन्हात बसायला जागा शोधायचा.

करमाफीची वर्षं संपली तशी कंपनीही संपली. दुसऱ्या एका देशात नवा झोन निघाला होता, तिथं माफी नव्यानं सुरू होणार होती. ज्या ट्रकसाठी झाड पाडलं त्याच ट्रकमधून यंत्रं गेली. शेडचे पत्रेही उतरवून नेले. आणि लेक गेली लांबच्या शहरात. जायचंच होतं तर तेव्हाच गेली असती, निदान झाड तरी उभं राहिलं असतं. हे तिनं स्टेशनवर बोलून दाखवलं नाही आणि त्यानंही नाही. पण गाडी हलेपर्यंत दोघांना दुसरं काही सुचत नव्हतं.

थोड्याच दिवसांत साहेबांनी पुन्हा खुर्ची दिली. नवे पाहुणे येणार होते. साहेबांच्या मागे भिंतीवर तो फोटो लावलेला होता, झोनच्या प्रत्येक माहितीपत्रकावर छापलेला. कोट काढून बसलेले पाहुणे, दगडावर बाई, वर शिरीष. पाहुण्यांना हा फोटो फार आवडतो, साहेब सांगत होते, तेव्हा चौदावर तसंच एक झाड लावून टाका, रोपं लागतील तितकी मागवतो.

माळीदादा फोटोकडे बघत राहिला. मान सरळ ठेवून, नीट. झाड तिरकंच होतं.

"रोपं मागवाल, साहेब," तो म्हणाला. "धरायला कोण येणार?"

"त्यात काय, एक मजूर देतो की."

माळीदादानं मान डोलावली आणि गवताच्या गुंडाळ्या उतरवून घ्यायला गेला. चौदा नंबरवर त्यानं या भिंतीपासून त्या रस्त्यापर्यंत गवत अंथरलं, आणि रोपापुरतीही जागा सोडली नाही.